गाडीच्या पोटातला बंब

डिसेंबर संपत आलेला. पहाटेचे साडेपाच. आळेफाट्यावर पुणे–नाशिक आणि कल्याण–नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात, तिथे रात्रभर चाललेल्या ट्रका चहाच्या टपऱ्यांसमोर दम खात उभ्या. टोमॅटोचे क्रेट भरलेली एक पिकअप सेल मारतेय. कुर्र, कुर्र, कुर्र... आणि गप्प. "अरं, हीटर दे आधी! हीटर दे!" चहाच्या ग्लासावर हात शेकणारा कुणीतरी ओरडतो. ड्रायव्हर चावी अर्धी फिरवतो, काट्यांजवळचा पिवळा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबतो आणि परत सेल मारतो. गाडी खोकते, मागून पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि इंजिन लागतं. तो पांढरा धूर म्हणजे न जळताच बाहेर पडलेलं डिझेल. थंडी जास्त आणि सिलिंडरात ऊब कमी, याची ती पावती.

आमच्या भागात 'हीटर' म्हटलं की हा एवढाच, हीटर प्लग. मागच्या हिवाळ्यात मात्र याच फाट्यावर मी दुसरा एक हीटर पाहिला. ट्रॅव्हलर गाडीचं घर करून एक जोडपं पुण्याहून लाहौलला निघालं होतं. कसला तरी पाईप ठिबकतोय म्हणून त्यांनी गाडी गॅरेजला लावली. मेकॅनिक खाली सरपटला आणि बॅटरीच्या उजेडात बराच वेळ काहीतरी बघत राहिला. चेसिसला चपलांच्या खोक्याएवढा एक डबा अडकवलेला होता. त्याला पाण्याचे दोन पाईप, डिझेलची बारीक नळी आणि बोटाएवढा सायलेन्सर. मालकानं समजावलं : हा टाकीतलं डिझेल जाळतो आणि इंजिनाचं पाणी तापवतो, इंजिन बंद असतानाही. मेकॅनिक हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "म्हंजे बंबच की!"

या विषयावर याहून नेमकं वाक्य मी अजून वाचलेलं नाही. बंबात मधल्या नळीत जाळ असतो, भोवती पाणी असतं आणि धूर वरच्या वर निघून जातो. पाण्याला जाळ शिवत नाही, ऊब तेवढी मिळते. डबा जर्मन असो की चिनी, आतली रचना हीच. राहत्या गाड्यांची हौस आपल्याकडे वाढू लागली आहे आणि त्यातले बरेच जण ऐन हिवाळ्यात हिमालय गाठू पाहतात. म्हणून या बंबाचा प्रश्न एकदा मुळापासून तपासायला हवा : तो करतो काय, कुणाला लागतो, त्याला पर्याय कोणते आणि त्याच्यासोबत धोका कोणता येतो.

थंडीत डिझेल का रुसतं

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात नसते. पिस्टन हवा सोळा ते बावीस पट दाबतो, त्या दाबानं हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि तीत उडवलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. हे गणित उबदार इंजिनाचं आहे. थंडगार लोखंड दाबलेल्या हवेतली उष्णता शोषून घेतं. त्यात सेल हळू फिरला, तर दाबलेल्या हवेला रिंगांच्या फटीतून निसटायला वेळ मिळतो. पुरेसा ताप तयारच होत नाही.

सेल हळू का फिरतो? एक, बॅटरी. शिशाची बॅटरी उणे 18 अंशांना जवळजवळ निम्मी ताकद गमावून बसते. दोन, ऑइल. थंडीत ते काकवीसारखं होतं आणि क्रँक फिरवायला जास्त जोर लागतो. म्हणजे नेमक्या ज्या वेळी जास्त ताकद हवी, त्या वेळी बॅटरीकडे ती कमी असते. गाडी न लागण्याचं आणखी एक कारण खुद्द डिझेल. त्यात मेण असतं, गारठ्यात डिझेल आधी धुकट होतं, मग मेणाच्या कणांनी फिल्टर चोंदतो आणि शेवटी ते टाकीतच थिजतं.

आमच्या जुन्नर तालुक्यात हे शेवटचं संकट येत नाही. थंडीच्या लाटेत इथे पारा एक आकडी होतो, द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात, पण डिझेल गोठत नाही. खुद्द पुण्याचा नीचांक 1.7 अंशांचा, तोही 17 जानेवारी 1935 चा. पहाटे आपली गाडी उठली नाही, तर दोष बहुतेक वेळा मेलेल्या हीटर प्लगचा, उतरलेल्या बॅटरीचा किंवा डिझेल लाइनीनं घेतलेल्या हवेचा असतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे लेख वाचून कुणी आळ्यात बंब बसवायला निघणार नाही.

जुने उपाय

तरीही ही कल्पना आपल्याला परकी नाही. आमच्या विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन होतं. हिवाळ्यात सकाळच्या पाळीचं पाणी द्यायचं, तर चुलते घरातून निघतानाच बंबातलं बादलीभर कढत पाणी घेऊन निघायचे. ते इंजिनाच्या जॅकेटात ओतायचे आणि बिडी संपेपर्यंत थांबायचे. मग डोक्यावरचा लिव्हर आडवा करून हँडल फिरवायचं, वेग आला की लिव्हर सोडून द्यायचा. धाड, धाड करत इंजिन लागायचं. गरम पाणी नसेल त्या दिवशी तेच हँडल दोघांनी फिरवूनही इंजिन ऐकायचं नाही. आधी पाणी तापवा, मग इंजिनाला हात घाला, हे तत्त्व चुलत्यांना कुणा कंपनीनं शिकवलेलं नव्हतं.

दुसरा जुना उपाय जाळाचा. हवा आत घेणाऱ्या तोंडाशी रॉकेलचा पेटता बोळा धरायचा. हिमालयातल्या रस्त्यांवर याची थोरली आवृत्ती चालते : टाकीखाली नाहीतर चेंबरखाली स्टोव्ह किंवा शेकोटी पेटवायची. त्यानं गाडी लागते हे खरं. पण वर डिझेलची टाकी, ऑइलचे थेंब आणि वायरिंगची रबरं असताना खाली उघडा जाळ ठेवणं म्हणजे गंजीला टेकून विडी ओढणं.

तिसरा उपाय, इंजिन बंदच न करणं. लडाखात ट्रकवाले आणि लष्करी गाड्यांचे चालक रात्रीतून ठरावीक वेळानं उठून इंजिन चालू करतात, नाहीतर रात्रभर चालूच ठेवतात. याची किंमत डिझेलमध्ये मोजावी लागते, झोपेत मोजावी लागते आणि इंजिनातही. बिनभाराचं डिझेल इंजिन कडाक्यात नीट तापत नाही. अर्धवट जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलात उतरतं आणि काजळी साचत जाते.

विजेची वाट

जिथे थंडी दरवर्षी ठरलेली, तिथल्या लोकांनी हा प्रश्न पाऊणशे वर्षांपूर्वीच मिटवला. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनाच्या हेडच्या बोल्टाजागी बसणारा विजेचा हीटर तयार केला, त्याला 1949 मध्ये पेटंट मिळालं. आजचे ब्लॉक हीटर त्याच कुळातले. इंजिनाच्या ब्लॉकला ओतकामातली भोकं बुजवणाऱ्या गोल पत्र्याच्या चकत्या असतात. त्यातली एक काढून तिच्या जागी 400 ते 1,000 वॉटची कॉइल बसवतात, ती थेट कूलंटमध्ये बुडलेली राहते. कॅनडाच्या थंड प्रांतांत कितीतरी गाड्यांच्या नाकातून प्लग लोंबताना दिसतो. विनिपेग किंवा एडमंटनला गेलेल्या आपल्या माणसाला पहिल्या हिवाळ्यात शेजारी जे चार धडे देतात, त्यात रात्री गाडी प्लगाला लावायची, हा एक असतोच. तिथल्या वाहनतळांवर त्यासाठी विजेचे खांब उभे केलेले असतात.

हा उपाय स्वस्त आहे, बिनआवाजाचा आहे आणि त्यात जाळ नाही. अट एकच, जवळ वीज हवी. घरासमोर उभ्या राहणाऱ्या गाडीला याहून चांगलं काही नाही. राहती गाडी मात्र मुक्काम करते नदीकाठी, खिंडीखाली, जिथे खांबच नसतो. गाडीतल्या बॅटरीवर ही कॉइल चालवायची म्हटलं, तर 1,000 वॉट दोन तासांत चांगल्या जाड बॅटरीचाही चोथा करतात. म्हणून गाडीनं स्वतःचं सरपण स्वतः वाहायचं, हा पुढचा विचार आला.

बंबाची रचना

या धंद्यातली दोन मोठी नावं जर्मन. एबरस्पेशर ही 1865 मध्ये एसलिंगनला पत्र्याच्या कामातून उभी राहिलेली कंपनी. वेबास्टोची सुरुवातही त्याच गावात 1901 मध्ये झाली. पुढे ती म्युनिकजवळच्या श्टॉकडॉर्फला गेली आणि संस्थापक विल्हेल्म बायर आणि श्टॉकडॉर्फ यांतल्या अक्षरांतून तिचं नाव जुळलं. पत्रा ठोकणाऱ्यांच्या हातून आग कोंडण्याचं यंत्र निघावं, यात नवल नाही. पुण्याच्या तांबट आळीत बंब घडवणाऱ्या कारागिरासमोर हा डबा उघडून ठेवला, तर जाळ कुठे आणि पाणी कुठे, हे विचारायची त्याला गरज पडणार नाही.

चालतं ते असं. बटण दाबलं की एक छोटा पंप टाकीतून थेंब-थेंब डिझेल ओढतो. त्याची टिक-टिक गाडीबाहेर स्पष्ट ऐकू येते आणि जाळ वाढवायचा की कमी करायचा हे तिच्या गतीनंच ठरतं. आत हीटर प्लगचीच बहीण असलेली एक कांडी लालबुंद होते, पंखा बाहेरची हवा आत ढकलतो आणि डिझेल पेटतं. जाळाभोवतीच्या पोकळीतून विजेचा छोटा पंप कूलंट फिरवत राहतो. गरम झालेलं पाणी इंजिनाच्या ब्लॉकमधून आणि डॅशबोर्डमागच्या हीटरच्या जाळीतून वाहतं. धूर वेगळ्या नळीनं गाडीखालून बाहेर पडतो. इंजिनाचा थर्मोस्टॅट थंडीत बंद असतो, त्यामुळे मोठ्या रेडिएटरकडे पाणी जातच नाही, ते छोट्या फेऱ्यातच फिरतं आणि लवकर तापतं.

किती लवकर, याचा हिशेब कुणालाही करता येईल. इंजिनाचं दोनशे किलो लोखंड आणि दहा लिटर कूलंट धरू. यांना एक अंश तापवायला साधारण 126 किलोज्यूल लागतात. उणे 20 वरून अधिक 40 पर्यंत न्यायचं, म्हणजे 60 अंश, म्हणजे साडेसात हजार किलोज्यूल. बंब 5 किलोवॉटचा असेल, तर पंचवीस मिनिटं. वाऱ्यानं पळवलेली ऊब धरली, तर अर्धा-पाऊण तास. डिझेल लागेल पाव ते अर्धा लिटर. अंघोळीच्या तीन बादल्या तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात अख्खं इंजिन उबदार होतं. त्यानंतर सेल मारला की गाडी पहिल्या फेऱ्यात लागते, ऑइल पातळ असल्यानं घासाघीस कमी होते आणि काचेवरचं बर्फ खरवडत बसावं लागत नाही.

घर आणि इंजिन, दोघांचं पाणी एक

साध्या गाडीत बंबाचं काम इथे संपतं, राहत्या गाडीत ते इथे सुरू होतं. त्या गाडीत इंजिनाशिवाय माणसं असतात, भांडी घासायचं पाणी असतं आणि टाकीतलं प्यायचं पाणी असतं. थंडी या सगळ्यांना एकदमच गाठते. कूलंटचा एकच फेरा घातला, तर त्यावर झोपायच्या भागात पंख्याची जाळी बसवता येते आणि अंघोळीच्या पाण्याची छोटी टाकीही तापवता येते, जिच्या आत कूलंटची वेटोळी नळी फिरते. याचा उलटा फायदाही आहे. दिवसभर गाडी चालली की इंजिनाची फुकटची ऊब याच नळ्यांतून घरात येते. संध्याकाळी मुक्कामाला पोचता, तेव्हा पाणी तापलेलंच असतं.

यापुढे बसवणाऱ्याचं कसब लागतं. बंब आणि त्याचा पंप कूलंटच्या पातळीच्या खाली हवेत. पाईप जोडल्यावर सगळी हवा काढायला हवी, नाहीतर आतला डबा कोरडा तापतो आणि यंत्र स्वतःला बंद करून घेतं. आधी घर, मग इंजिन, असं वळवता येईल असा वॉल मध्ये असावा. रात्री नुसती झोपायची जागा उबवायची असताना दोनशे किलो लोखंड तापवत बसणं हा निव्वळ अपव्यय.

त्यामुळेच बरेच जण हवेचा हीटर पसंत करतात. तोही डिझेलच जाळतो, पण कूलंटऐवजी थेट खोलीतली हवा तापवतो. तो बसवायला सोपा आहे, स्वस्त आहे, दोन किलोवॉटचा असला तरी गाडीभर पुरतो आणि आतली दमट हवा कोरडी ठेवतो. इंजिनाला मात्र त्याचा काही उपयोग नाही. म्हणजे निवड अशी पडते : रात्रीच्या झोपेची चिंता असेल तर हवेचा, सकाळी गाडी लागेल की नाही याची चिंता असेल तर पाण्याचा. उणे 20 मध्ये महिनाभर राहणारे दोन्ही बसवतात.

चार दुखऱ्या जागा

पहिली, सरपण. बंब त्याच टाकीतून डिझेल ओढतो. ते डिझेलच थिजलं, तर इंजिनाआधी बंब उपाशी मरतो. आपल्या देशातल्या सर्वसाधारण डिझेलचं प्रमाणक हिवाळ्यासाठी 3 अंश आणि उन्हाळ्यासाठी 15 अंश ही ओतनबिंदूची मर्यादा धरतं. ओतनबिंदू म्हणजे ज्याच्या खाली डिझेल वाहायचं थांबतं तो अंश. म्हणजे नाशिक किंवा नारायणगावला भरलेली टाकी तशीच घेऊन लाहौलमधल्या केलाँगला रात्र काढणं धोक्याचं. इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल नोव्हेंबर 2019 मध्ये आणलं, ते पानिपतच्या रिफायनरीत तयार होतं. वर चढण्याआधी टाकी रिकामी करत न्यायची आणि थंड प्रदेशातल्या पंपावर तिथलं डिझेल भरायचं, हा साधा शिरस्ता. रॉकेल मिसळायची जुनी युक्ती बीएस-6 गाडीत करू नये. धूर गाळणारी महागडी यंत्रणा त्यात खराब होते.

दुसरी, कूलंट. आमच्याकडे अजूनही कितीतरी गाड्यांच्या आणि ट्रॅक्टरांच्या रेडिएटरात बोअरचं पाणी असतं. इथे त्यानं फार तर गंज आणि क्षार चढतात. वर मात्र ते गोठतं, नऊ टक्क्यांनी फुगतं आणि ब्लॉकला तडा देतं. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल हे मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. बंबाची किंमत विचारण्याआधी रेडिएटरचं झाकण उघडून आत काय आहे ते पाहावं. ऑइलचंही तसंच. 15डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे 20 अंशांना होते, 5डब्ल्यूची उणे 30 ला. डब्यावरचा हा आकडा शोभेसाठी छापलेला नसतो. बीएस-6 डिझेल गाड्यांतला युरियाचा द्राव तर उणे 11 लाच गोठतो, म्हणून मोठ्या गाड्यांत त्याच्या टाकीलाही कूलंटनं ऊब देतात.

तिसरी, बॅटरी. कांडी तापताना बंब दहा-एक अँपिअर खेचतो, जाळ लागला की तीन-चार अँपिअरवर येतो. अर्ध्या तासासाठी हे फार नाही, रात्रभरासाठी आहे. सेलच्या बॅटरीवर रात्रभर घर उबवलं, की सकाळी इंजिन उबदार आणि सेल मेलेला, असा अनुभव येतो. म्हणून घराची बॅटरी वेगळी ठेवावी आणि बंब तिच्यावर चालवावा. जितका वेळ बंब चालला तितका वेळ गाडी चालवा, हा सांगावा जर्मन कंपन्यांनीच दिलेला आहे. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करता येत नाही, तेव्हा तिची जागा आत, माणसांच्या सोबतीला.

चौथी, उंची. युरोपातल्या लिखाणात या मुद्द्याला जेमतेम परिच्छेद मिळतो, आपल्याकडे तोच मुख्य आहे. लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांश. खार्दुंग ला 17,582 फुटांवर, तिथे जवळपास निम्मा. बंबाचा पंप मात्र खालच्यासारखंच डिझेल टाकत राहतो. हवा कमी आणि सरपण जास्त झालं की चुलीत जे होतं तेच होतं, काळा धूर आणि काजळी. दोन-चार रात्रींत कांडी आणि जाळी चोंदतात. दाब मोजून डिझेल आपोआप कमी करणारे बंब मिळतात, काहींना उंचीसाठी वेगळा संच बसवावा लागतो. तेही नसेल, तर मंद आचेवर तासन्‌तास रेंगाळण्यापेक्षा बंब पूर्ण आचेवर थोडा वेळ चालवून बंद करणं बरं. विकत घेताना 'किती किलोवॉट' याआधी 'किती उंचीपर्यंत' हे विचारावं. आणि उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा दहा मिनिटं तो पेटवावा, म्हणजे नळीत जुनं डिझेल साचून चिकट होत नाही.

न दिसणारा धूर

जाळ आला की कार्बन मोनॉक्साइडही येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, ही बातमी उत्तर भारतात दर हिवाळ्यात येते. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक एका खोलीत गॅस हीटरजवळ झोपले आणि दगावले.

बंबाची खरी थोरवी मला इथे दिसते. त्याचा जाळ हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेर सोडतो. माणूस झोपतो त्या जागेशी त्याचा संबंध फक्त गरम पाण्यापुरता. गॅसची शेगडी, कोळशाची सिगडी किंवा स्वयंपाकाच्या बर्नरवर उलटं ठेवलेलं घमेलं यांच्यापेक्षा तो कितीतरी सुरक्षित, पण नीट बसवला तरच. धुराची नळी दार-खिडकीच्या खाली संपता कामा नये. हवा घेणारी नळी आणि धूर सोडणारी नळी यांची तोंडं जवळ नकोत. रात्री बर्फ पडलं, तर सकाळी पेटवण्याआधी नळीचं तोंड हातानं मोकळं करावं. जोडाजवळ लाकूड, फोम, वायर काही नसावं. चालू बंबाचा करंट एकदम तोडू नये, जाळ विझल्यावरही त्याला थंड व्हायला दोन-तीन मिनिटं पंखा लागतो. आणि गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा हवाच. स्वस्तातला चिनी डबा घेतलेल्यांनी तर तो दोन ठिकाणी लावावा. त्या डब्यांसोबत येणारी धुराची नळी आणि तिचे क्लॅम्प पुष्कळदा इतके पातळ असतात, की आमच्या फाट्यावरचा मेकॅनिकही ते पिकअपला लावणार नाही.

कागद आणि पैसा

चांगल्या जर्मन पाणी-बंबाचा संच आयात करून बसवला, तर खर्च लाखाच्या पुढे जातो. चिनी हवेचा हीटर त्याच्या दहाव्या हिश्श्यात मिळतो. युरोपात अशा हीटरांना आंतरराष्ट्रीय नियम क्रमांक 122 लागू आहे, त्यावरचा शिक्का पाहून लोक खरेदी करतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत मनाजोगते बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. राहत्या गाड्यांसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे आणि महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. तेव्हा मान्यताप्राप्त बांधणी करणाऱ्याकडून आराखड्यातच बंब धरून घ्यावा आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. आग लागल्यावर 'हा डबा कागदावर कुठे आहे?' हा प्रश्न ऐकण्यापेक्षा हे सोपं.

मग कुणाला काय?

चाकांवरच्या घरात थंडी काढणं आमच्या तालुक्याला नवं नाही. नारायणगावला राहुट्या टाकणाऱ्या तमाशाच्या फडांचा अख्खा हंगाम ट्रकांतच जातो, त्यातला निम्मा हिवाळ्यात. विघ्नहर कारखान्याकडे ऊस ओढणारे ट्रॅक्टर पहाटेच्या गारठ्यातच सुरू होतात. यांना आणि आळ्याच्या प्रत्येक पिकअपवाल्याला सांगणं एवढंच : हीटर प्लग बदला, बॅटरीची टोकं साफ करा, रेडिएटरात पाण्याऐवजी कूलंट घाला. बंबावर एक रुपयाही घालवू नका.

मे-जूनमध्ये लडाख-स्पिती करणाऱ्यांनाही तो लागत नाही. नीट बसवलेला हवेचा हीटर आणि चांगली रजई पुरे. ऑक्टोबर 2020 मध्ये रोहतांगखालचा अटल बोगदा खुला झाला आणि लाहौल हिवाळ्यातही हाताशी आला. त्या दिवसांत तिथे गाडीत राहणाऱ्यांसाठी पाण्याचा बंब चैनीतून गरजेत येतो. बर्फात अडकलेल्या गाडीला सकाळी निघता आलं पाहिजे, बाकीच्या सोयी नंतर. परदेशात घरासमोर गाडी लावणाऱ्यांना विजेचा प्लग पुरेसा आहे.

विजेच्या गाड्या आल्या तरी हे पाणी सुटलेलं नाही. थंडीत लिथियम बॅटरी रुसते, म्हणून तिच्याभोवती कूलंट फिरवतात आणि ते विजेच्या कॉइलनं तापवतात. जाळ गेला, पण भोवतीचं पाणी राहिलं. ऊब पोचवायला पाण्यासारखा गुणी हमाल अजून सापडलेला नाही.

लाहौलला निघालेल्या त्या गाडीचा ठिबकणारा पाईप शेवटी बंबाचाच निघाला, क्लॅम्प सैल होता. मेकॅनिकनं तो आवळला, कूलंट भरलं, हवा काढली आणि मालकाला बटण दाबायला सांगितलं. थोड्या वेळानं टिक-टिक सुरू झाली. मेकॅनिकनं आधी पाण्याच्या पाईपवर हात ठेवून पाहिला. मग वाकून धुराच्या नळीचं तोंड कुठे निघतंय ते शोधलं. ते सरकत्या दाराच्या बरोबर खाली होतं. "पाणी तापतंय चांगलं," तो म्हणाला, "पण पैलं हे तोंड तिकडं फिरवून घ्या. मंग जावा कुठं जायचं तिथं." नळी वळवून होईपर्यंत त्यानं गाडी सोडली नाही.